मुइरफील्डला पाहुणा म्हणून खेळून आलो

विनू_एडिनबरा (धागाकर्ता)

गोल्फवर मराठीत लिहिलं तर वाचणार कोण, या विचारात चार दिवस घालवले. शेवटी म्हटलं लिहून टाकू, शिव्या पडल्या तर पडल्या.

आमच्या शेजारी एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ राहतात. त्यांना इथे 'मॅककाका' म्हणतो. सहा वर्षांत आमचा व्यवहार एवढाच: एकमेकांच्या कचऱ्याच्या पेट्या आत ओढून ठेवायच्या आणि दिवाळीत आमच्याकडून चकल्या जायच्या. मी ब्रेड हिल्सवर खेळतो हे त्यांना माझ्या गाडीतल्या पिशवीवरून कळलं. ब्रेड हिल्स म्हणजे इथल्या नगरपालिकेचं मैदान, १८८९ पासूनचं. पैसे भरा आणि खेळा. जूनमध्ये एकदा कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "गुरुवारी मोकळा आहेस का? मुइरफील्डला चौथा माणूस कमी पडतोय." अगदी 'मंडईत येतोस का' म्हणावं तसं. ते तिथले सभासद आहेत हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं!

मुइरफील्ड एडिनबऱ्यापासून वीसेक मैलांवर, समुद्राकाठी. क्लबचं नाव 'ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरा गोल्फर्स'. १७४४ साली या मंडळींनी लीथच्या मैदानावर स्पर्धा भरवली आणि तिच्यासाठी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे टिकून राहिलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. तेव्हा आपल्याकडे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते आणि पेशवेपदी नानासाहेब. पुढे लीथहून मसलबरा आणि १८९१ साली इथे. ओपन, म्हणजे ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा, इथे सोळा वेळा झाली आहे. अमेरिकेचा जॅक निकलस १९६६ ला ती इथे जिंकला आणि नंतर ओहायोत स्वतः बांधलेल्या मैदानाला त्याने मुइरफील्डचंच नाव दिलं.

कपडे हा पहिला पेच. दुपारच्या जेवणाला कोट-टाय लागतो. माझा शेवटचा कोट लग्नातला, तो आता पोटावर भेटत नाही. बुधवारी संध्याकाळी धावत जाऊन निळा ब्लेझर घेतला. मुइरफील्ड ज्या गावात आहे त्याचं नाव गलन म्हणायचं की गिलन, यावर इथले लोकही भांडतात, म्हणून मी दिवसभर 'तुमचं गाव' म्हणत निभावलं.

सकाळी चौघांनी चार चेंडूंवर अठरा होल. पहिल्याच होलवर वारा थेट तोंडावर. मागे तीन म्हातारे शांत उभे. बोलत नाहीत, घड्याळ बघत नाहीत, तेच जास्त भीतिदायक. माझा चेंडू कमरेएवढ्या उंचीवरून गेला, पण सरळ गेला. मॅककाका एवढंच म्हणाले, "हे चालेल."

हॅरी कोल्टने १९२० च्या दशकात या मैदानाची जी आखणी केली, ती चालल्याशिवाय कळत नाही. पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, पुढचे नऊ त्यांच्या आत उलट दिशेने. त्यामुळे वारा कधी समोरून, कधी कानात, कधी पाठीत. जुनी समुद्राकाठची मैदानं सरळ लांब जातात आणि सरळ परत येतात. तिथे वाऱ्याशी एकदा जमलं की निम्मा दिवस जमतं. इथे ती सोयच नाही.

आणि बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे! आपल्याला टीव्हीवर दिसतात ते पसरट, पांढऱ्या वाळूचे. इथले विहिरीसारखे. हिरवळीचे तुकडे विटांसारखे एकावर एक रचून भिंत केलेली. तेराव्या होलवर माझा चेंडू तसल्या एका विहिरीत, भिंतीपासून वीतभर अंतरावर. माझा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी उचलणारा, साठीचा, सकाळपासून मोजकं बोलणारा. त्याने सँड वेज (वाळूतून चेंडू काढायची काठी) हातात दिला आणि म्हणाला, "मागे मार." मी म्हटलं ग्रीन (भोकाभोवतीची बारीक हिरवळ) तर समोर आहे. तो काही बोलला नाही. पहिला फटका भिंतीवर. दुसरा भिंतीवर, परत माझ्या बुटाशी. तिसऱ्यात वाळू डोळ्यांत. चौथा मागे मारला, लगेच बाहेर. त्याने वाळू दाताळ्याने सारखी केली, माझ्या बुटांचे ठसे सावकाश पुसले आणि म्हणाला, "अर्नी एल्सने २००२ साली ओपन जिंकली तेव्हा याच होलवर बंकरमधून काढला होता. पण तो एल्स."

जेवणाचं काय सांगू. भाजलेलं मांस समोर कापून देतात, बटाटे तीन प्रकारचे, मग पुडिंग, मग चीज. वर कुमेल नावाची एक गोड पांढरी दारू. ग्लास नाकाशी नेला आणि थेट आईच्या मसालेभाताचा वास आला. शहाजिऱ्याच्या जातीचंच काहीतरी असतं त्यात! मी हे सांगितल्यावर समोरच्या आजोबांनी मसालेभाताची कृती कागदावर लिहून घेतली.

एवढं खाऊन झोपायचं नाही, दुपारी पुन्हा अठरा होल. या वेळी फोरसम्स: दोघांत एक चेंडू, आळीपाळीने मारायचा. मी चेंडू बंकरात घातला की काढायचा मॅककाकांनी. तिसऱ्यांदा "सॉरी" म्हटल्यावर ते म्हणाले, फोरसम्समध्ये सॉरी म्हणायचं नसतं, नाहीतर दिवसभर दुसरं काही बोलणंच होत नाही. अठरा होल तीन तासांच्या आत संपले.

एवढंच. प्रश्न असतील तर विचारा.

---

पार्लेकर_काकू

मस्त लिहिलंयस रे. गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण बंकरात तुझी झालेली फजिती डोळ्यांसमोर आली. मसालेभाताच्या कृतीत गोडा मसाला कुठून मिळणार त्या आजोबांना?

---

विनू_एडिनबरा

काकू, डबा भरून मॅककाकांकडे दिला आहे.

---

खडूस_पुणेरी

काठीने गोटी भोकात ढकलायची आणि त्यासाठी कोट-टाय. आमच्या विटी-दांडूला निदान वेग तरी होता. चालू द्या.

---

गिरणगाव_ते_गुरुग्राम

सभासद व्हायला काय लागतं? अर्ज, फी, शिफारस?

---

विनू_एडिनबरा

अर्ज करायचाच नसतो. कुणीतरी तुमचं नाव सुचवायचं, इतरांनी पाठिंबा द्यायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. 'मला व्हायचंय' असं तुम्ही स्वतः म्हणालात तर तिथेच संपलं. मी अर्थात म्हटलेलं नाही. नुसतं खेळायचं असेल तर मंगळवारी आणि गुरुवारी बाहेरच्यांना पैसे भरून खेळता येतं. हँडीकॅपचा (तुम्ही किती बरे खेळता त्याचा आकडा, जितका कमी तितका खेळाडू बरा) दाखला लागतो आणि बरंच आधी आरक्षण करावं लागतं. सभासदाबरोबर जाणं वेगळं. तिथे तुमचं वागणं त्याच्या खात्यावर लिहिलं जातं.

---

साळुंकी

लेख छान. पण एक गोष्ट तू गाळलीस, ती मी लिहिते. या क्लबात बायकांना सभासदत्व नव्हतं. २०१६ च्या मतदानात ६४ टक्के सभासद बायकांच्या बाजूने होते, पण दोन-तृतीयांश लागत होते, म्हणून ठराव पडला. त्याच दिवशी ओपन भरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने सांगितलं की मग इथे ओपन नाही. २०१७ ला पुन्हा मतदान, या वेळी ८० टक्के. पहिल्या बायका आत आल्या २०१९ साली. म्हणजे १७४४ पासून मोज. दहा महिन्यांत सगळ्यांना एकदम समतेचा साक्षात्कार झाला असं मला वाटत नाही. ओपन गेली, ते टोचलं.

२०२२ ला मात्र बायकांची ओपन तिथेच झाली. अ‍ॅशली बुहाई आणि चुन इन-जी यांची बरोबरी, मग ती फोडायला प्लेऑफ चार वेळा अठराव्या होलवर, अंधार पडत आलेला. बुहाई बंकरमध्ये. तिथून तिने चेंडू भोकाच्या जवळ आणून ठेवला आणि जिंकली. तुझ्या चार फटक्यांची आठवण आली म्हणून सांगितलं. 🙂

---

विनू_एडिनबरा

साळुंकी, मुद्दा मान्य. खरं सांगायचं तर मुद्दामच गाळला होता. कुणाच्या ताटात जेवून आल्यावर लगेच ताटाबद्दल बोलायला जड जातं. पण जेवताना मी मॅककाकांना विचारलं होतं, तुम्ही कुठल्या बाजूने मत दिलंत? ते म्हणाले, "दोन्ही वेळा हो. पण पहिल्या वेळी ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याबरोबर मी अजून खेळतो." आणि बटाटे पुढे सरकवले.

---

दख्खनचा_दगड

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात आणि तुम्ही हिरवळीवर चेंडू शोधता. गोल्फ म्हणजे पाण्याची नासाडी, दुसरं काही नाही.

---

विनू_एडिनबरा

आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांबद्दल तुमचं बरोबर आहे, वाद घालत नाही. पण इकडे ही मैदानं शेतीला निरुपयोगी, रेताड, समुद्राकाठच्या पट्ट्यावर झाली. त्यालाच 'लिंक्स' म्हणतात. फेस्क्यू जातीचं काटक गवत, वरून येईल तो पाऊस. २०१३ ची मुइरफील्डची ओपन आठवा, फिल मिकेलसन जिंकला ती. मैदान पार तपकिरी पडलं होतं.

आणि स्कॉटलंडमध्ये गोल्फ बड्यांचा, असं समीकरण नाही. शहराच्या मधोमध ब्रंट्सफील्ड लिंक्सवर मुलं फुकट खेळतात. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान सार्वजनिक आहे. रविवारी तिथे खेळ बंद, लोक कुत्री फिरवतात. २००३ च्या जमीन कायद्यानुसार तर खासगी गोल्फ मैदानही चालत ओलांडायचा हक्क आहे, खेळात अडथळा न आणता. बंदिस्त आहे ते क्लबघर आणि सभासदांची यादी.

---

जुने_पान

थोडं अवांतर. मुइरफील्डला खेटून ग्रेवॉल्स नावाचं घर आहे, आता हॉटेल. ते १९०१ साली वास्तुविशारद लुटियन्सने बांधलं, तोच, पुढे नवी दिल्लीवाला. बांधलं आल्फ्रेड लिटलटनसाठी. हा माणूस इंग्लंडकडून फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळलेला. १८८४ च्या ओव्हल कसोटीत तो यष्टिरक्षक होता. सगळ्यांनी गोलंदाजी करून झाली तेव्हा त्याने हाताखालून चेंडू टाकले आणि १९ धावांत ४ बळी घेतले. त्याला म्हणे अठराव्या ग्रीनपासून एका फटक्याच्या अंतरावर घर हवं होतं.

दुसरं, १९८० चं. टॉम वॉटसन इथे ओपन जिंकला त्याच संध्याकाळी तो आणि दुसरा खेळाडू बेन क्रेनशॉ जुन्या लाकडी दांड्याच्या काठ्या आणि जुन्या पद्धतीचे चेंडू घेऊन गंमत म्हणून मैदानात उतरले. क्लबचे सचिव कॅप्टन हॅनमर यांनी दोघांनाही झापलं. काही तासांपूर्वी त्याच मैदानावर विजेता झालेला माणूस! नियम तो नियम.

---

अटलांटाची_आर्या

आमच्या राज्यात ऑगस्टा नॅशनल क्लब, मास्टर्स ही मोठी स्पर्धा तिथेच होते. खेळायचं तर स्वप्नच, पण सोडतीत सराव-दिवसाची तिकिटं लागली म्हणून पाहून आले. मोबाइल आत नेता येत नाही, फोन करायचा तर त्यांनी ठेवलेले फोन आहेत. सुरुवातीला हात सारखा खिशाकडे जायचा. दुपारपर्यंत लक्षात आलं की हजारो माणसं आहेत आणि सगळी समोर बघतायत. पिमेंटो चीजचं सँडविच दीड डॉलरला, हेही एक आश्चर्यच.

तिथला इतिहास मात्र कडू. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर, १९७५. कृष्णवर्णीय सभासद १९९० साली. बायका २०१२. आणि १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत, ते सगळे कृष्णवर्णीय. म्हणजे पिशवी उचलायला आत यायची परवानगी पहिल्या दिवसापासून होती.

---

जुने_पान

आर्या, त्यावरून डर्बन आठवलं. सेवसंकर 'पापवा' सेवगोलम, भारतीय वंशाचा, आधी कॅडी. दोन्ही हात उलटे धरून खेळायचा. डच ओपन तीनदा जिंकला. १९६३ ला डर्बन कंट्री क्लबवर नटाल प्रांताची ओपन जिंकला आणि वर्णभेदामुळे त्याला बक्षीस क्लबघराबाहेर पावसात दिलं. तो फोटो जगभर गेला.

---

चेंबूरचा

पहिल्यांदाच लिहितोय इथे. दोन दिवस वाचत होतो.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, मुंबईतल्या एका क्लबात एकतीस वर्षं कॅडी होते. क्लबाचं नाव लिहीत नाही. पहाटे पाचला जाऊन कॅडीमास्टरकडे नंबर लावायचा. नंबर लागला तर एक फेरी, नशीब असेल तर दोन. नाही लागला तर दुपारी रिकाम्या हाताने घरी. सुरुवात आगेवाला म्हणून. म्हणजे पुढे पळत जाऊन चेंडू कुठे पडतो ते बघायचं. पावसाळ्यात गवतात हरवलेले चेंडू पोरं शोधून विकायची. आमच्या शाळेच्या वह्या त्यातून आल्या आहेत. सोमवारी मैदान बंद, त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा. अण्णांकडे तीनच काठ्या होत्या, सभासदांनी टाकून दिलेल्या. पाचची लोखंडी, एक वेज, एक पटर. त्या तिघींवर ते सत्त्याहत्तर फटक्यांत अठरा होलची फेरी संपवायचे. तुम्ही खेळणारे आहात, तुम्हाला कळेल.

मी शिकलो, कंपनीत लागलो. सहा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीची स्पर्धा त्याच क्लबात होती. मुख्य दरवाजातून पहिल्यांदा आत गेलो, एरवी आमचा दरवाजा मागचा. टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) माझी पिशवी घ्यायला आला तो अण्णांचा जोडीदार. मला कडेवर घेतलेला माणूस. त्याने ओळखलं, मीही ओळखलं. आणि तो म्हणाला, "चला साहेब." मी म्हटलं काका, पिशवी मी घेतो. तर तो हळूच म्हणाला, "घेऊ नको. माझा नंबर जाईल."

अठरा होल तो माझ्या मागून चालला. मी एकही फटका धड मारला नाही. घरी आल्यावर अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, त्याला पैसे किती दिलेस? सांगितलं. म्हणाले, बरोबर दिलेस. आणि आत गेले.

विनूभाऊ, तुमचा लेख वाईट आहे असं म्हणत नाही. तुमच्या कॅडीबद्दल अजून वाचायला आवडेल, एवढंच.

---

पार्लेकर_काकू

चेंबूरचा, वाचून गप्प बसले रे थोडा वेळ.

---

खडूस_पुणेरी

वरचा माझा प्रतिसाद राहू द्या, पण या प्रतिसादासाठी धागा वसूल.

---

गिरणगाव_ते_गुरुग्राम

दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेला अली शेर १९९१ ला इंडियन ओपन जिंकला, १९९३ ला पुन्हा. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ सांभाळायचे. पोरगा त्याच आवारात वाढला आणि २०१६ व २०१७ ला इंडियन ओपन जिंकला. आता आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिक खेळून आला, पण मागच्या दरवाजाने आलेले हे लोक वेगळेच. तीन काठ्यांवर सत्त्याहत्तर! अण्णांना पूर्ण संचातल्या चौदा काठ्या मिळाल्या असत्या तर?

---

साळुंकी

विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर होते (१९१३-१८) तेव्हा भारतीयांना युरोपियनांच्या क्लबांत प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी ताडदेवला दोघांसाठी एकच क्लब काढला, हे नेहमी कौतुकाने सांगतात. कौतुक आहेच. पण 'दोघांसाठी' मधले भारतीय कोण, तर संस्थानिक आणि गिरणीमालक. चेंबूरच्या अण्णांचा दरवाजा तिथेही मागचाच असता.

---

विनू_एडिनबरा

चेंबूरचा, उशिरा उत्तर देतोय, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

माझ्या कॅडीबद्दल. शाळेत असल्यापासून तो पिशव्या उचलतो. मधे वीस वर्षं नळकाम केलं, गुडघे गेले, मग परत इकडे. स्वतः तो शेजारच्या गावच्या क्लबाचा सभासद आहे आणि त्याचा हँडीकॅप सहा आहे. माझा एकोणीस. म्हणजे दिवसभर माझ्यापेक्षा तिपटीने बरा खेळाडू माझी पिशवी उचलून चालत होता आणि बंकरात मी त्याचं ऐकलं नाही. जेवायला तो आत आला नाही. मी विचारलं, तर म्हणाला सँडविच आणलंय आणि आत टाय लागतो. सकाळी बुटांचे ठसे पुसले तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. लिहितानाही विनोदीच लिहिलं.

मॅककाकांना हाताने लिहून आभाराचं पत्र दिलं, इथे तशी पद्धत आहे. कॅडीला पैसे दिले, हात मिळवला. पत्र दिलं नाही. पत्ता मागायचंही सुचलं नाही.

---

चेंबूरचा

भाऊ, मनाला लावून घेऊ नका.

काल अण्णांना सगळा धागा वाचून दाखवला. कोल्टने मैदान उलटसुलट फिरवलंय तो भाग दोनदा वाचायला लावला. बोटाने गादीवर दोन गोल काढून बघितले, एक असा, एक तसा. साळुंकीताईंनी लिहिलेलं बायकांचं ऐकून म्हणाले, आमच्याकडे एक बाई खेळायच्या, पुरुषांपेक्षा सरळ मारायच्या. पापवाचा फोटो नेटवर काढून दाखवला, त्यावर काही बोलले नाहीत.

मग विचारलं, "तेराव्याला भिंत किती लांब होती म्हणतो तो?"

मी म्हटलं वीतभर.

"आणि कॅडी 'मागे मार' म्हणाला? एकदाच म्हणाला?"

हो, एकदाच.

"चांगला कॅडी आहे," म्हणाले. "दुसऱ्यांदा सांगायचं नसतं. साहेबाला राग येतो."